परतीची एक ओळ

ती. दादा यास,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या दोघांत अठरा पायऱ्या आहेत. कठड्याशी उभी राहून हाक मारली तर तुला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल. तरी पत्र लिहिते आहे, आणि तेही छापायला देते आहे. चिठ्ठी पाठवली असती तर तू ती चष्म्याच्या घराखाली ठेवून दिली असतीस, ‘बघू सवडीनं’ म्हणून. छापलेलं मात्र तू पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतोस. नानांचीच सवय. म्हणून इथं गाठते आहे तुला.

मागणं लहान आहे. तुझ्या खालच्या राउटरमध्ये एक ओळ भरायची आहे, तीन रकाने. ती मला भरता येत नाही, तुलाच भरावी लागेल. का, हे सांगायचं तर जुलैतल्या त्या रविवारपासून सुरुवात करायला हवी.

त्या दिवशी मी नेमकं काय केलं होतं, हे तुला कुणी नीट सांगितलंच नाही. मीही नाही. बारक्याची ऑनलाइन परीक्षा मधेच तुटली, तू जिन्यात येऊन ओरडलास, मी दार लावून घेतलं, आणि तेवढ्यावरच राहिलं. तुला वाटलं, मी खालचं कनेक्शन मुद्दाम बिघडवलं. दादा, तुला खरंच तसं वाटलं?

मला फक्त आईचा आवाज ऐकायचा होता. नानांनी १९८७ साली टू-इन-वनवर आईच्या जात्यावरच्या ओव्या भरून ठेवल्या होत्या, ती कॅसेट. तिची फीत चिकटली होती, आम्ही सगळ्यांनी आशा सोडली होती. तू मात्र ती सांगलीला नेऊन सोडवून घेतलीस, संगणकावर घेतलीस, आणि त्या काळ्या डिस्कवर जपून ठेवलीस. यासाठी तुझे आभार मानायचे राहून गेलेत, ते आधी मानते. तू नसतास तर तो आवाज गेलाच होता. पण ती डिस्क खाली, तुझ्या राउटरला जोडलेली, आणि मी वर, माझ्या राउटरवर. ‘पेन ड्राइव्हवर घालून दे’ एवढं तुला म्हणायला माझी जीभ रेटली नाही. म्हणून सगळे बाहेर गेलेत असं समजून मी दोन्ही राउटरांच्या मध्ये सरळ एक वायर टाकली. बारक्या घरातच आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

आता काय झालं ते ऐक. तुझ्या राउटरचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१. माझ्याही राउटरचा तोच. कारखान्यातून बाहेर पडणारे कितीतरी राउटर हाच पत्ता घेऊन येतात. एरवी त्यात काही बिघडत नाही, कारण १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते १९९६ सालच्या नियमानं घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत. सगळ्या जगासाठी मिळून पत्ते होते जेमतेम ४२९ कोटी, ते पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसू लागलं होतं. मग ठरलं, की घरातल्या घरात वाटेल तितक्यांनी हेच पत्ते वापरावेत, उंबऱ्याबाहेर मात्र ते चालणार नाहीत. मारुतीची गल्ली गावोगाव असते आणि कुणाची कुणाला अडचण होत नाही, तसं. मी दोन घरांमधला उंबराच काढून टाकला. एका पत्त्याचे दोन धनी झाले.

बारक्याचा लॅपटॉप विचारत होता, ‘१९२.१६८.१.१ कोण?’ आणि दोघंही म्हणत होते, मी. ज्याचं उत्तर मागाहून आलं त्याचं त्यानं खरं धरलं आणि परीक्षेचे कागद माझ्या राउटरकडे द्यायला लागला. पलीकडच्या संगणकाला दिसलं, की परीक्षा देणारा मुलगा अचानक भलत्याच पत्त्यावरून बोलतो आहे. त्यानं दार लावलं. मी तंत्रनिकेतनात पोरांना हीच चूक करू नका म्हणून दर वर्षी सांगते. माझ्या हातून हे व्हायला नको होतं. बारक्याची मी माफी मागितली होती, तुझी मागितली नव्हती. आता मागते.

‘कोण?’ आणि ‘मी’ हे मी रंगवून सांगत नाही हं. यंत्रं खरोखरच असं विचारतात. नियम १९८२ सालचा आहे, डेव्हिड प्लमर नावाच्या माणसानं लिहिलेला. त्याला एआरपी म्हणतात, पत्त्यावरून माणूस शोधण्याची रीत म्हण. आकड्यांचा पत्ता हा नुसता पत्ता असतो, तो आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकतो. प्रत्येक यंत्राला त्याशिवाय कारखान्यात मिळालेली एक स्वतःची ओळख असते. वायरीवरून हातात काही द्यायचं तर ती ओळख कळावी लागते. ती कळायची कशी? हाक मारून. सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक: ‘१९२.१६८.१.२० कोण आहे? मला सांगा.’ ऐकतात सगळे, पण ओ देतो तो एकटाच. विचारणारा ते आपल्या वहीत टिपून ठेवतो, थोड्या वेळानं विसरतो, आणि पुन्हा हाक मारतो.

आपल्या चौकात आई अशीच उभी राहायची ना? कुलकर्ण्यांची तिघं, सतारमेकरांची दोघं, आपण दोघं, सगळे एका रिंगणात. ‘चिमेऽऽ’ म्हटलं की सात डोकी वर व्हायची आणि ओ मी द्यायची. त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, ओव्या संपल्यावर, जातं थांबल्यावर, आईची तशी एक हाक भरली गेली आहे, असं तू एकदा वहिनीला सांगितलंस. ‘चिमे, दादाला बोलाव.’ हे मला वहिनीकडून कळलं. तेव्हापासून मला झोप नाही दादा.

पण अशी हाक चौकापुरतीच असते. राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही, आणि जाऊ देऊ नये हेच बरोबर आहे, नाहीतर साऱ्या गावाच्या हाका साऱ्या गावाला ऐकत बसावं लागलं असतं. म्हणून यंत्र हाक मारण्याआधी एक गोष्ट ठरवतं: ज्याच्याकडे जायचं तो आपल्यातला की परका? त्यासाठी २५५.२५५.२५५.० हा मास्क असतो. पत्त्याचे पहिले तीन आकडे जुळले तर आपल्यातला, सरळ हाक मारायची. नाही जुळले तर हाक मारण्यात अर्थ नाही, टपाल दाराशी, म्हणजे राउटरकडे, नेऊन द्यायचं. पुढचं तो बघेल.

इथून पुढचं तुला मी सांगायला नको. तू तर नानांच्या मांडीवर बसून हे शिकलास. मिरजेच्या आरएमएसमधून, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेतून, रात्रपाळी करून आले की नाना सकाळी आंघोळीआधी तुला गावं विचारायचे, आणि कोणतं गाव कुठल्या खणात ते तू धडाधड सांगायचास. मी दाराआडून ऐकायची. मला कधी विचारलं नाही त्यांनी. एकदा तू विचारलंस, ‘नाना, गुवाहाटीला तुम्ही गेलात का कधी?’ नाना म्हणाले, ‘मला गुवाहाटी ठाऊक असायचं कारण नाही. आजच्या रात्री ते पत्र कुठल्या पिशवीत पडायला हवं, एवढं ठाऊक हवं.’

राउटिंगवरचं पहिलं व्याख्यान मी गेली कित्येक वर्षं ह्या वाक्यानं सुरू करते. नाव सांगत नाही, ‘एक जुने सॉर्टर म्हणायचे’ असं म्हणते. जगातल्या एकाही राउटरला सगळी वाट ठाऊक नसते. त्याच्याकडे एक तक्ता असतो: ह्या आकड्यांचं टपाल ह्या दाराकडे, त्या आकड्यांचं त्या. आणि सगळ्यात खाली एक ओळ, ‘बाकी सगळं ह्या दाराकडे’. जास्त आकडे जुळतील ती ओळ आधी मानायची. पिनकोडही असाच वाचतात. पहिला ४ म्हणजे आपला पश्चिम-मध्य पट्टा, ४१६ म्हटलं की आपण आणि कोल्हापूरही, आणि सावंतवाडीचं ४१६५१०सुद्धा, आणि ४१६४१० म्हटलं की नेमकी मिरज. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखला, टपाल खात्यातला मराठी माणूस, वर संस्कृतचा कवी, ह्याचा नानांना कोण अभिमान! पाहुण्यांना सांगायचे. ‘कवीला ठाऊक असतं कुठं तोडायचं’, असं म्हणायचे.

तर आता जिन्याच्या वळणावरची ती डबी. नानांची खाकी पिशवी ज्या खुंटीला असायची, त्या खुंटीखाली. वहिनीला विचारून ठेवली आहे मी, दिवाळीत. तुला वाटलं वायफाय वाढवायचं यंत्र आहे. नाही. तो माझा जुना राउटर आहे, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी घातलं आहे. हे मोकळं सॉफ्टवेअर आहे, २००४ सालापासून जगभरचे लोक मिळून ते घडवताहेत, आणि टाकून द्यायच्या राउटरला त्यामुळे पुन्हा कामाला लावता येतं. जुलैची चूक पुन्हा नको म्हणून आधी मी माझ्या वरच्या घराचे पत्तेच बदलले. तुझं घर १९२.१६८.१, माझं आता १९२.१६८.२. डबीची एक वायर खाली, एक वर. खालच्या बाजूनं तिचा पत्ता १९२.१६८.१.२, वरच्या बाजूनं १९२.१६८.२.२. तुझा राउटर पत्ते वाटायला १००पासून सुरू करतो, त्यामुळे २ रिकामाच होता, कुणाचा घेतलेला नाही.

मागं मी एकदा म्हटलं होतं, सगळ्या घरात एकच नेटवर्क करू, एकच बिल येईल. तू म्हणालास, ‘वेगळं झालं ते वेगळं.’ फार लागलं होतं तेव्हा. आज मला तुझं पटतं. दोन चुली झाल्या, दोन बिलं असू देत, दोन नेटवर्क असू देत. वेगळं राहूनही जाता-येता यावं ह्यासाठी तर राउटर असतो. एकत्रच राहायचं असतं तर एक वायर पुरली असती.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला पत्राची आड हवी होती.

दिवाळीनंतर आठ दिवस मी आईचा आवाज ऐकला. तुला न सांगता. त्या डबीत एक सोय असते, तिचं नावच मास्करेडिंग, सोंग घेणं. ती चालू केली की माझ्या वरच्या संगणकाचं टपाल डबी स्वतःच्या नावानं खाली पोचवते. तुझ्या डिस्कला वाटतं, खालच्याच कुणीतरी, १.२नं, मागितलं. ती त्याला देते. डबी ते गुपचूप वर माझ्याकडे आणते. आपल्या प्रत्येकाच्या घरचा राउटर बाहेरच्या जगाशी असंच वागतो, सगळं घर एका पत्त्याच्या आड जातं, आणि तिथं ते लागतंच. त्यात चोरी नाही. डिस्कही तुम्ही घरात सगळ्यांसाठी उघडीच ठेवली आहे, तिला पासवर्ड नाही. पण तुझ्या दारात मी सोंग घेऊन आले होते. तुझ्या राउटरला पत्ताच नव्हता, की वर कुणी राहतं. तुझ्याकडून मी घेऊ शकत होते, आणि तुला मात्र माझ्याकडे येताच येत नव्हतं.

आठव्या दिवशी रात्री हाक लागली. ‘चिमे, दादाला बोलाव.’ मी खिडकीशी बसले होते. खाली तुझ्या खोलीत दिवा होता. मी ते बंद केलं आणि सोंगाची खूण काढून टाकली. तेव्हापासून ऐकलेलं नाही.

आता माझं टपाल माझ्या खऱ्या पत्त्यानं खाली जातं, आणि पोचतं. डबी खाली जाऊन हाक मारते, ‘१.२० कोण?’, आणि तुझी डिस्क ओ देते, हे मला डबीच्या वहीत दिसतं. मागणं तिच्या हातात पडतं. आणि ती उत्तरही देते दादा, दर वेळी देते. ते उत्तर १९२.१६८.२मधल्या माझ्यासाठी आहे. ती मास्क लावून बघते, आपल्यातली नाही असं ठरवते, आणि रीतीप्रमाणे तुझ्या राउटरच्या हाती देते. तुझ्या राउटरच्या तक्त्यात १९२.१६८.२ नावाचं घरच नाही. मग तो शेवटची ओळ मानतो, ‘बाकी सगळं ह्या दाराकडे’, आणि आईचा आवाज वर यायचा तो कंपनीच्या रस्त्याला लागतो. तिथं असले घरगुती पत्ते कुणी पुढं नेत नाही. टाकून देतात.

मी इथं बसून म्हणते, खालून उत्तर नाही.

नाना वारले तेव्हा तू मला तीन पत्रं लिहिलीस, असं परवा वहिनी म्हणाली. पुण्याच्या जुन्या पत्त्यावर. मी ती जागा कधीच सोडली होती, आणि नवा पत्ता तुला कळवला नव्हता. रागात होते. तू काहीच लिहिलं नाहीस, हा राग धरून मी वाटणीच्या कागदावर सही केली. त्या पत्रांत काय होतं दादा? आता सांगशील?

माझ्या राउटरमध्ये खाली यायची ओळ आहे. तुझ्या राउटरमध्ये वर यायची नाही. वाट एका बाजूनं लिहून भागत नाही, आणि दुसरी बाजू माझ्या हातात नाही, राउटरचा पासवर्ड तुझ्याकडे आहे. मला तो नको. तू लिही.

तू बारक्याला विचारलंस म्हणे, ‘आत्या आपलं सगळं बघू शकेल का?’ मला विचारलं असतंस तरी चाललं असतं. पण प्रश्न वाजवी आहे, म्हणून उत्तर देते. नुसती वाट झाली की वरचं कुठलंही यंत्र खालच्या कुठल्याही यंत्रापर्यंत जाऊ शकतं, हे खरं आहे. म्हणून डबीवर मी पहारा बसवला आहे. वरून खाली फक्त १.२०पर्यंत, त्या डिस्कपर्यंतच जाता येतं. तुमचे फोन, तुझा लॅपटॉप, टीव्ही, काहीच नाही. खालून वर फक्त १९२.१६८.२.३०, तो माझा जुना संगणक. दोन्हीकडचं वायफाय आणि पासवर्ड आहेत तसेच वेगळे. बारक्याला डबीची पानं उघडून दाखवीन, त्याला कळतं सगळं.

२.३०वर काय आहे, ते तुला ठाऊक नाही. नानांच्या वह्या माझ्या हिश्श्याला आल्या होत्या, त्या सगळ्या मी पान पान करून उतरवून घेतल्या आहेत. त्यात ती गावांची वही आहे, निळ्या शाईची, जिच्यावरून ते तुला विचारायचे. कडेला पेन्सिलनं बारीक रेघा आहेत, कुठल्या दिवशी तुझी किती बरोबर आली त्याच्या. मधेच एका पानावर वेगळी खूण आहे आणि लिहिलं आहे, ‘चिमी दाराआडून. सगळी बरोबर.’ त्यांना ठाऊक होतं दादा. मला वाटायचं, त्यांना दिसत नाही.

तुझ्या राउटरच्या पानावर ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘राउटिंग’ असेल, तिथं ‘स्टॅटिक राउट’. एखाद्या राउटरमध्ये ते ‘नेटवर्क’खाली दडलेलं असतं. नवी ओळ घे. डेस्टिनेशन: १९२.१६८.२.०. सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०. गेटवे: १९२.१६८.१.२. आकडे इंग्रजीत टाक. इंटरफेस विचारला तर लॅन निवड, वॅन नव्हे. शेवटची ‘बाकी सगळं’ ही ओळ पुसू नकोस, तिला हातही लावू नकोस. ह्या ओळीत जास्त आकडे जुळतात, म्हणून माझ्यापुरती ही आपोआप पुढं होईल. बाहेरून आत यायचं असं त्यात काहीही उघडत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग, डीएमझेड असले शब्द शेजारी दिसतील, त्यांच्या वाटेला जायचं नाही.

मी वर पिंग, म्हणजे डिस्कला ‘आहेस का?’ अशी हाक, चालू ठेवली आहे. काळ्या खिडकीत दर काही सेकंदांनी एक ओळ उमटते, वेळ संपली, उत्तर नाही. एका खाली एक, आज सकाळपासून. तुझी ओळ भरून झाली की त्या रांगेत एक वेगळी ओळ येईल, शेवटी टीटीएल ६२. डिस्क ६४ लिहून पाठवते आणि वाटेतला प्रत्येक राउटर एकेक उणा करतो, एक तुझा, एक डबीचा. डिस्कला जवळची वाट समजली, की डबी थेट इथंच आहे, तर पुढं ६३ही दिसेल.

६२ दिसले की मी जिन्यात येऊन हाक मारीन. आईनं सांगितलं आहे तशी. ओ दे.

तुझी,
चिमी

ता. क. रकाने भरल्यावर ‘सेव्ह’ दाबायचं विसरू नकोस. नुसतं पान बंद केलंस तर काहीच राहत नाही. आणि त्या काळ्या डिस्कचा पत्ता १.२० असा पक्का बांधलेला आहे ना, तेवढं बारक्याकडून बघून घे. नाहीतर वीज जाऊन आली की तो बदलेल आणि मी पुन्हा भलत्यालाच हाका मारत बसेन.